तोंडात वाजणारी ढोलकी

आंबेगाव तालुक्यात आजवर जेवढी तोंडं वाजली, त्यांत कामाचं एकच होतं आणि ते आमच्या कॉलेजातल्या माझ्या एका मित्राचं होतं, हे मी जाहीरपणे लिहून द्यायला तयार आहे. बाकीची तोंडं निवडणुकीच्या आसपास वाजतात. त्यांच्यावर मी वेगळी पत्रकं काढलेली आहेत.

याच्या तोंडात ढोलकी होती, खरीखुरी, थापेसकट. घोडेगावच्या स्टँडवर तो एसटीचा हॉर्न असा काढायचा, की बायाबापड्या पिशव्या उचलून उभ्या राहायच्या आणि गाडी दिसली नाही की डेपोचा उद्धार करायच्या. त्यात मी मनापासून सामील व्हायचो. प्रॅक्टिसच्या दिवशी तो शेंगदाण्याला शिवायचा नाही, "थाप चिकटती" म्हणायचा. पाच पोरं जमवून त्यानं बिनवाद्यांचं गाणारं टोळकं काढलं होतं. "पेटी आणली की पेटीवाला आला, राव, आन् पेटीवाला आला की त्याच्या वेळा आल्या," हा त्याचा विचार मला इतका क्रांतिकारक वाटला, की मी तो पत्रकात छापला. खरं कारण वेगळंच होतं. त्याचे वडील, आप्पा, तळेघरकडचे नावाजलेले ढोलकीवाले. पोरगा लहान असतानाच त्यांनी निकाल दिला होता, "तुझ्या हातात ताल नाय." यानं तो निकाल शब्दशः पाळला. हातात नाही म्हणता, बरं, तोंडात भरतो. आता आप्पांनी एकदा ऐकावं आणि "बरं वाजलं" म्हणावं, एवढ्यासाठी त्याची सगळी धडपड. पण गॅदरिंगला यायला आप्पा तयार नव्हते. "टीव्हीवर दिसलास तर यीन," म्हणाले. टीव्हीवर दिसतं तेच खरं, ही श्रद्धा तेव्हा तळेघरपासून दिल्लीपर्यंत एकसारखी होती.

आमचा टीव्ही म्हणजे बाजारपेठेतला केबलवाला. त्याच्या चॅनेलवर वाढदिवसाच्या शुभेच्छा, साड्यांचा सेल आणि पुढाऱ्यांचे सत्कार यांतून कलेला जागा उरत नसे.

"वाद्यं कुठंयत?" त्यानं आम्हाला विचारलं.

"तोंडात हाईत, शेठ," मित्र म्हणाला.

"मग आधी भाईर जाऊन थुकून ये."

मी पेटलो. 'केबल कोणाच्या बापाची?' हे पत्रक दोन दिवसांत गावभर वाटलं. त्यात आपलं नाव ठळक अक्षरात बघून केबलवाला इतका खूश झाला, की त्यानं रविवारी संध्याकाळी दहा मिनिटं थेट प्रक्षेपण देऊन टाकलं. लढा असा यशस्वी होतो.

रविवारी आप्पा येऊन माझ्या मावशीच्या घरी टीव्हीसमोर बसले आणि तिकडे केबलवाल्यानं अट घातली, "हात मोकळं दिसत्यात. वाद्य दिसल्याबिगर कॅमेरा चालू व्हनार नाय." एरवी माझ्या मित्रानं त्याला तत्त्वज्ञान ऐकवलं असतं. पण आप्पा दोन गाड्या बदलून आले होते. हातातल्या तालाचा निकाल पाळून ढोलकी स्वतःच्या गळ्यात न घेता तो मागं सरकला. नुसतं बघायला आलेल्या, महाळुंगे पडवळच्या एका पोराच्या गळ्यात ढोलकी अडकवली गेली. त्या पोराला जन्मात तालात टाळी वाजवता आली नव्हती. त्याला बजावलं, नुसता हात हलव, कातड्याला लावू नको.

मी आप्पांशेजारी बसून बघत होतो. ढोलकी सुरू झाली आणि आप्पांची मांडी हलायला लागली. शेवटच्या तिहाईला ते "वा रं पठ्ठ्या!" म्हणून ओरडले. थोड्या वेळानं मित्र घाम पुसत आला.

"ढोलकीवाला कुणाचा रं?" आप्पांनी विचारलं. "लई गोड हात. आन् तू मागं उभा राहून तोंड काय हलवत व्हतास म्हशीवानी?"

मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर त्यानं माझं मनगट दाबलं.

"महाळुंग्याचा हाय, आप्पा. गुणी हाय."

"त्याच्याकडनं शिक कायतरी."

एवढा अन्याय मी कुठल्याही पत्रकात लिहिलेला नाही. आता तो चाकणला कंपनीत आहे, तिथल्या मशीनपुढे त्याचं तोंड कुणाला ऐकू येत नाही. भेटला की मी दर वेळी चिडून विचारतो, "आप्पांना सांगितलंस का?"

"ऱ्हाऊ दे, राव," तो म्हणतो. "भजनाला बसलं की आजून त्या ढोलकीवाल्याचं नाव काढत्यात. मी शेजारी बसून ऐकतो."