समुद्राकडे पाठ

आमचे मामा दरवर्षी समुद्रावर जायचे आणि दरवर्षी समुद्राकडे पाठ करून उभे राहायचे. गुडघाभर पाण्यात, पँट वर दुमडलेली, हात कमरेवर आणि तोंड आमच्या बदनापूरच्या दिशेला. मागून लाट येऊन आपटली तरी हा माणूस वळून बघायचा नाही. त्या किनाऱ्यावरच्या उंटवाल्याला बरीच वर्षं वाटत होतं की या काकांचं समुद्राशी काहीतरी जुनं भांडण आहे.

भांडण वगैरे काही नव्हतं. मामांना समुद्र बघायचाच नसायचा. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या माणसाचं तोंड त्यांना बघायचं असायचं, आणि त्यासाठी समुद्राच्या जागेवर जाऊन उभं राहणं भाग होतं. "समंदर तोच राहतो दरसाल," ते म्हणायचे, "तोंडं नवे राहतेत."

मामा बदनापूर स्टेशनवर पॉइंट्समन होते. जन्मभर हिरवी झेंडी धरून गाड्यांच्या खिडक्यांतली तोंडं बघितली, त्याचा हा परिणाम असावा, असं माझी आई म्हणायची. रिटायर झाल्यावर दर जानेवारीत त्यांनी एक बस काढायला सुरुवात केली आणि गावात त्यांचं नाव समंदरमामा पडलं. चहाच्या टपरीवर कोणी भेटलं की लोक "काय म्हणता?" विचारतात, मामा विचारायचे, "समंदर पाह्यला का?" पाहिला म्हणालात की तुमच्यातला त्यांचा रस तिथेच संपला. नाही म्हणालात की लगेच तुमचा चहा सांगितला जायचा. न पाहिलेला तो कोरा आणि पाहिलेला तो शिळा, अशी त्यांनी माणसांची सरळ वाटणी करून टाकली होती. तहसीलमधल्या एका मोठ्या साहेबांची ओळख करून देताना त्यांनी माझ्यादेखत सांगितलं होतं, "साहेब चांगले हायेत, पण शिळे हायेत." साहेबांना वाटलं, तब्येतीबद्दल बोलतायत.

हे वेड लागलं ते नोकरीच्या पहिल्याच वर्षी. सहा डिसेंबरला स्टेशनवरची चार-पाच जणं दादरला चैत्यभूमीवर गेली होती. वंदन करून बाहेर आले, वाळूत उतरले, आणि मामांच्या शेजारी गणपत नावाचा गँगमन होता. हा गणपत स्वतःच्या लग्नातसुद्धा हसला नव्हता म्हणे. "मी समंदर नंतर पाह्यला. आधी गणपतचं तोंड पाह्यलं. सात-आठ वर्साचं लेकरू झाल्तं बघ ते तोंड." मग पुढे दादरला जाताना ते नवीन माणूस मुद्दाम सोबत न्यायचे. पण तिथल्या गर्दीत तोंड बराबर दिसत नाही, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून शोधत शोधत त्यांनी कर्दळे गाठलं.

कर्दळे म्हणजे दापोलीच्या पुढचं एक चिमुकलं गाव. एक लाल मातीची गल्ली, दोन्ही बाजूंना सुपारीच्या वाड्या, आणि दर दुसऱ्या फाटकावर 'घरगुती जेवणाची व राहण्याची सोय' अशी पाटी. गल्लीच्या टोकाला हवा भरलेल्या ट्यूबांचे ढीग, कोकम सरबताच्या दोन गाड्या, मग सुरूची झाडं, आणि झाडांच्या पलीकडे तो. शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या येतात, सोमवारी गाव पुन्हा झोपी जातं. मामांनी सोमवार निवडला होता.

बस दुपारी पोचायची, पण समुद्र दुपारी बघायचा नाही. शेवटचं वळण आलं की पडदे खाली. उतरलं की सरळ वाडीत, आणि साडेचारपर्यंत कोणीही फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. कारण उजेड. सकाळी ऊन पाठीमागून येतं, तोंडावर सावली पडते. साडेचारला कसं समोरून येतं. सगळे बिचारे सुपारीखाली सतरंजीवर बसून लाटांचा आवाज ऐकायचे आणि एकमेकांकडे बघायचे. वाडीवाले काका दरवर्षी हात जोडायचे, "अहो, दारात समुद्र नि तुम्ही पाहुण्यांना कोंडून काय ठेवलंत?" मामांनी त्यांच्यासाठी मोसंबीचं पोतं आणलेलं असायचं, त्यामुळे ते फार ताणायचे नाहीत. सव्वाचारला मामा हुकूम सोडायचे, "जल्दी तोंडं धुऊन घ्या." आणि स्वतः पुढे निघून जायचे. मागून दहा मिनिटांनी सगळ्यांना घेऊन जायचं काम माझ्याकडे होतं. मी जालन्यात बँकेत आहे. वर्षभर सुट्ट्या साठवून मी त्यातल्या तीन या कामाला द्यायचे, आणि माझ्या साहेबांना हे कारण अजून कळलेलं नाही.

पहिल्या वर्षी नेमकी ओहोटी निघाली. मामा पाण्याच्या मागे चालत चालत इतके लांब गेले की आम्हाला मुठीएवढे दिसायला लागले. आमची तोंडं तिकडून काय दिसणार? कोऱ्या मंडळींनी समुद्र बघून घेतला, आ वासून झाला, आणि मामा वाळूतून धापा टाकत पळत आले तोवर सगळे सरबत पीत होते. रात्रीपर्यंत ते कोणाशी बोलले नाहीत. आपल्याकडे धरणाचं पाणी असतं तिथे असतं, ते रोज दोनदा उठून कुठे जातं हे आमच्या ध्यानातच नव्हतं. मग वाडीवाल्या काकांनी हिशेब शिकवला, "पंचमीला या. साडेचारला भरती मिळेल." तेव्हापासून आमची सहल पंचमी बघून ठरायला लागली. सोमवार गेला तरी चालेल.

आणि काय काय तोंडं! मोसंबीवाले अण्णा पाच मिनिटं नुसते बघत राहिले. मग खाली वाकून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं, आणि रागाने मामांकडे बघून म्हणाले, "खारं हाये की! मंग एवढं ठेवलं कशाला?" मंठ्याच्या एका आत्याबाईंनी विचारलं, ह्याच्या पल्याड कोणतं गाव हाये? मामा म्हणाले, आफ्रिका. "मंग तिकडले लोक बी आपल्याला पाहून राह्यले असतीन," असं म्हणून आत्याबाईंनी पदर सारखा केला. मामा हे सगळं टिपून घ्यायचे आणि वर्षभर सांगत बसायचे. फोटो मात्र कधी काढू दिला नाही.

फसवायला जाणारेही भेटले. एकदा बियाण्याच्या कंपनीतला एक पोरगा, गोव्याला दोनदा जाऊन आलेला, बसमध्ये जागा मिळावी म्हणून कोरा होऊन आला. किनाऱ्यावर त्याने काय तोंड वासलं, काय डोळे विस्फारले! मामांनी लांबूनच हात केला, "ए शिळ्या! हो बाजूला, मागच्याला येऊ दे." परतीच्या वाटेवर तो पोरगा खनपटीलाच बसला, कसं ओळखलं सांगा. मामा म्हणाले, "कोरा माणूस आधी गप होतो, बाबा. तू आधी 'वा' म्हणला."

एवढं सगळं असून मामांच्या घरात एक माणूस राहून गेलं होतं. आमची मामी. दरवर्षी यादीत पहिलं नाव तिचं आणि दरवर्षी ती ऐन वेळी गळायची. कधी गुडघे, कधी सुनेचं बाळंतपण, कधी पाहुणे. सर्वांत जास्त वेळा म्हैस व्यायला झालेली असायची. एकच म्हैस दर जानेवारीत कशी व्यायची, हे जनावरांच्या डॉक्टरलाही सांगता आलं नसतं. मामा चिडायचे, मग उदास व्हायचे. "अर्ध्या बदनापूरला दाखवला आन् घरचीच कोरी राह्यली. तुझ्या मामीचं तोंड एकदा पाह्यलं ना संगे, की बस बंद. मंग काय पाहायचं राह्यलं?" हे ते हसत सांगायचे, पण ते गमतीत नव्हतं. बाकीच्यांची तोंडं ही त्यांची जणू तयारी चालली होती.

मग मामांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. लक्षात यायला उशीर झाला. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नसते. त्या जानेवारीत ते पाण्यात उभे राहिले, पण समोरून आलेल्या म्हाताऱ्या जोडप्याबद्दल त्यांनी मलाच विचारलं, "हसले का रडले?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि घरी आल्यावर जाहीर केलं की बस बंद. पुढचं वर्षभर ते अंगणात खुर्ची टाकून बसून असायचे, कोणाला समुद्राचं विचारायचे नाहीत. टपरीवरचा चहाही थांबला. मला ते बघवायचं नाही.

आणि एक दिवस मामी म्हणाली, "यंदा मी येते."

मामा खुर्चीतून उठलेच. त्याच संध्याकाळी वाडीवाल्या काकांना फोन, पंचमी कधीची, भरती कितीची. मी मामीसोबत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी म्हटलं, मामी, म्हशीला विचारलंस का? ती हसली नाही. आवाज खाली आणून म्हणाली, "संगे, मी शिळी हाये."

मला आधी कळलंच नाही.

"सात वर्साची होते. माझ्या बापानं खांद्यावर बसवून दादरला नेल्तं, दोघं भाऊ बी संगं होते. सगळा समंदर पाह्यला मी, वरून. लगन झालं आन् चवथ्या दिशी हे म्हणले, पाह्यला का कधी समंदर? मी दाखवतो तुला. असं तोंड झाल्तं बाई यांचं, मला हो म्हणवलंच न्हाई. न्हाई पाह्यला म्हणले. तो एक न्हाई जलमभर पुरला. भावांला शपथ घातली." शेंगेतला दाणा तिने ताटलीत टाकला. "मला वाटलं, इसरतीन. यांनी तर बसच काढली. तिथं जाऊन उभी राह्यले असते तर एका मिनिटात पकडली असती यांनी. खोटं बोलले त्याचं काय न्हाई, रागावले असते. पण एवढी वर्सं माझं तोंड पाहायची आस धरली, ती वाया गेली असती ना."

"आणि आता?"

"आता दिसत न्हाई त्यांला. आता येते मी. तू सांगशील ना त्यांला, बराबर कोरी हाये म्हणून?"

मी हो म्हणाले. म्हणाले खरी, पण मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मामांशी मी कधी खोटं बोलले नव्हते, आणि नेमकं याच गोष्टीत बोलायचं होतं.

बसमध्ये मामी सगळ्या वाटेने तयारी करत होती. ताम्हिणीच्या वळणांवर मी बघितलं, पडद्याकडे तोंड करून ती आ वासून बघत होती, मग मिटून, मग पुन्हा. साडेचारला वाडीवाले काका मामांचा हात धरून त्यांना पाण्यात घेऊन गेले आणि उभं करून बाजूला झाले. मी मामीला घेऊन सुरूच्या झाडांतून बाहेर आले.

मामा नेहमीसारखे उभे होते. पँट दुमडलेली, हात कमरेवर. दिशा थोडी चुकली होती, त्यामुळे तोंड जरा उंटाकडे होतं. हनुवटी वर करून, न दिसणारे डोळे मोठे करून ते वाट बघत होते. मागून लाट आली, पाठीपर्यंत भिजवून गेली, तरी हलले नाहीत. मामीने इतकी वर्षं या माणसाच्या तोंडून हे ऐकलं होतं, पण त्याला असं उभं राहिलेलं ती पहिल्यांदाच बघत होती.

"संगे! आली का? सांग! काय करून राह्यली?"

मी पाठ केलेलं सगळं तयार होतं. मामीकडे बघितलं आणि ते म्हणायची गरजच राहिली नाही.

"मामा, ती समुद्राकडे बघतच नाही. तुमच्याकडे बघतेय."

"तोंड सांग, तोंड!"

मग मी जसं दिसत होतं तसं सांगत गेले. पदराचं टोक दातात आहे. एक चप्पल वाळूत मागे राहिली, तिला माहीत नाही. काही बोलत नाहीये. डोळे भरलेत, पण पुसत नाहीये. मघाशी बसमध्ये जे करत होती त्यातलं काहीच करत नाहीये, हे तेवढं मी गाळलं.

मामा कान देऊन ऐकत राहिले. "गप हाये ना?" त्यांनी विचारलं.

"बिलकुल गप."

"बराबर," ते म्हणाले. मग मामी तशीच एका चप्पलेवर पाण्यात गेली आणि म्हणाली, "अहो, सगळे भिजलात. चला बाहेर, ताप भरंन." दोघं एकमेकांना धरून वाळूत आले. त्या संध्याकाळी मामांनी उंटवाल्यालासुद्धा सगळं दोनदा सांगितलं.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी मामा गेले. झोपेतच गेले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अंगणात मांडव घातला होता. बुद्धवंदना झाली आणि एकेक जण उठून बोलायला लागलं. मोसंबीवाले अण्णा म्हणाले, मला यांनी समंदर दाखवला. मंठ्याच्या आत्याबाई म्हणाल्या, मला बी. तो बियाण्यावाला पोरगासुद्धा उठला आणि काही न बोलता बसला. मामी आयुष्यात कधी चार माणसांत बोलली नव्हती. ती माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभी राहिली.

"मला बी यांनीच दाखवला," ती म्हणाली.

पुढच्या रांगेत बसलेल्या तिच्या थोरल्या भावाने मान वर केली. तो काहीतरी बोलणार होता. मामीने त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि तो पुन्हा खाली बघायला लागला. मी तिला हळूच खाली बसवलं. त्याला वाटलं असेल, बहीण अजून खोटंच बोलतेय. मला तसं वाटलं नाही.