ट्रॉली ओढंल अशी गाडी

आमच्या साखऱ्याहून शेळ्या बाजारात न्यायच्या तर टेम्पो सांगावा लागायचा, आणि हिवाळ्यात धुकं दाटलं की टेम्पोवाला फोनच उचलत नसे. म्हणून आम्ही गाडी घ्यायचं ठरवलं. पिकअप नको होती, कारण सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं तर त्यांना उबेत नीट बसता यायला हवं. आमच्या गल्लीत वळेल अशी छोटीच, पण उंच गाडी हवी होती, मागे शेळ्यांची लहान ट्रॉली ओढू शकणारी. चालवणार मी. नवऱ्याला धुक्यात लांबचं नीट दिसत नाही.

शेळ्यांना चारा टाकून मी तशीच त्याच्याबरोबर शोरूमला गेले. विक्रेत्यानं नवऱ्याला खुर्ची दिली आणि रंग कोणता हवा ते विचारलं. मग छताची काच सरकवून दाखवली.

मी विचारलं, "मागं ट्रॉली जोडली तर किती वजन ओढती ही?"

तो नवऱ्याकडे बघून म्हणाला, "सर, स्क्रीन पण मोठी आहे."

"धुक्याचे दिवे हायेत का? मागच्या काचेवर दव साचलं तर?"

"सगळं येतं, मॅडम." कोणत्या मॉडेलला येतं, ते मात्र सांगेना.

मी चालवून बघते म्हणाले. दार उघडलं तसा तो घाईनं पुढे आला, वर्तमानपत्राची दोन पानं सीटवर अंथरली आणि तळहातानं सपाट केली. नंतर रुमाल नाकाशी धरला.

"नवी गाडी आहे ना, मॅडम."

नवरा हसला. "शेळ्यांचा वास हाय, लवकर जात न्हाई," तो त्याला म्हणाला, जसं काही मी एकटीच शेळ्या पाळते.

मला शिसारी आली. विक्रेत्याची आलीच, पण नवऱ्याच्या त्या हसण्याची जास्त. सकाळी धारा त्यानंच काढल्या होत्या. फक्त नंतर अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी कागद उचलून बाहेर टाकले आणि बसले. गाडी चांगली होती. चढावर दमली नाही, वळणावर हलकी वाटली. परत येऊन मी किल्ली टेबलावर ठेवली.

"गाडी पसंत हाय. तुमच्याकडून घ्यायची न्हाई."

परतीच्या जीपमध्ये नवरा म्हणाला, "काहून एवढं मनाला लावून घेतलं?" गावाजवळचं गोरेगाव आलं तरी मला त्याच्या शेजारी बसवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुसऱ्या शहरातल्या शोरूमला फोन लावला. ट्रॉलीचं वजन विचारलं, दिव्यांचं विचारलं. तिथल्या बाईनं कंपनीचं पुस्तक उघडून वाचून दाखवलं. शेळ्या भरलेली आमची ट्रॉली त्या वजनाच्या मर्यादेत बसत होती. तीच गाडी, छताच्या काचेशिवायची, आम्ही तिथून घेतली.

पहिल्यांदा ट्रॉली जोडून निघालो तेव्हा रस्ता दहा पावलांपुढे दिसत नव्हता. मी हळू चालवत होते. नवरा खिडकी उघडून, डोकं बाहेर काढून रस्त्याच्या कडेकडे बघत होता. गारठ्यानं त्याचे कान लाल झाले होते.

"डावीकडं नाली हाय. जरा उजवीकडं घे."

"घेतली," मी म्हणाले. त्याहून जास्त काही बोलावंसं मला अजून वाटत नव्हतं.