घाटातली सुरगाठ

आमच्या वेळी बीडमध्ये सायकली मोजक्याच होत्या आणि घाटात ब्रेकवर विसंबणारा माणूस शहाणा समजला जात नसे. उतारावर ब्रेकचं रबर तापून झिजून जाई. म्हणून घाटमाथ्यावर लिंबाची किंवा बाभळीची चांगली जाड फांदी तोडायची, अंबाडीच्या दोरीनं सीटमागे बांधायची आणि ती फरफटत खाली उतरायचं. तिला आम्ही लंगर म्हणायचो. लंगर स्वतःचा स्वतः बांधायचा नाही, ही रीत मिस्त्रीचाचांची. बांधायचा जोडीदारानं, आणि "बांधला" असं त्यानं मोठ्यानं म्हटल्याशिवाय पुढच्यानं पाय उचलायचा नाही.

मिस्त्रीचाचांचं सायकलींचं दुकान होतं आणि त्यांचा थोरला मुलगा माझा जोडीदार होता. त्याच्याबद्दल आजवर जे सांगितलं गेलं ते खोटं आहे. ते खोटं माझं आहे, म्हणून हे लिहितो आहे.

निजामाच्या राज्यातले ते दिवस. आम्ही चौघं विशीच्या आतबाहेरचे. तो, मी, एका जमीनदाराचा मुलगा आणि एका कापडवाल्याचा मुलगा. बीडहून घाट चढून लिंबागणेश, तिथून बालाघाटाच्या माथ्यामाथ्यानं नांदूरघाट आणि परत, असा तीन दिवसांचा बेत त्यानंच आखला होता. चाचांनी परवानगी देताना त्याला सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "चौघं साबूत परत आले तर दिवाळीपासून दुकानाची चावी तुझ्याकडं." ती चावी त्याला हवी होती, पण चावीसाठी नाही. पुढच्या वर्षी दुकानातल्या सायकली घेऊन सरहद्द ओलांडायची, इंग्रजी मुलखात नगरपर्यंत जायचं, हे त्याचं वेड होतं. नगरच्या पुढं काय आहे हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तो रोज सांगायचा.

ते तीन दिवस मला अजून वासासकट आठवतात. पिकलेली सीताफळं, तापलेली चेन, फडक्यातल्या भाकरीचा दमट वास. चढावर सायकली ढकलत न्यायच्या, माथ्यावर वारा लागला की शर्ट पाठीपासून सुटायचा. खाली गावं मूठभर दिसायची. तो सगळ्यांत पुढं, मी सगळ्यांत मागं.

"मालगाडी आली का बे?" तो वळणावर थांबून ओरडायचा.

"येतीय, येतीय. डबे लई हायेत," जमीनदाराचा मुलगा म्हणायचा.

मीही हसायचो. पण नांदूरघाटच्या बाजारात एका चहावाल्यासमोर त्यानं मला पुन्हा मालगाडी म्हटलं, चहावालाही हसला, आणि ते मला लागलं. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बीडकडच्या उताराच्या तोंडाशी आलो. फांद्या तोडल्या. त्यानं माझा लंगर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली, "बांधला" म्हणाला. मग मी त्याचा बांधायला बसलो. निरगाठ मारायची तिथं मी सुरगाठ मारली. चांगला धक्का बसला की सुटेल अशी. मनात हिशेब असा की पहिल्या वळणाआधीच फांदी पडेल, त्याला उतरून परत वर यावं लागेल, आणि मालगाडी त्याच्या पुढून निघून जाईल. तळाशी उभं राहून त्याची चेष्टा करायची वाक्यंसुद्धा मी ठरवली होती.

"बांधला," मी मोठ्यानं म्हणालो.

त्यानं मागं वळून पाहिलं नाही. कशाला पाहील?

फांदी माझ्या हिशेबापेक्षा उशिरा सुटली, उतार सर्वांत उभा आहे तिथं. सायकल एकदम हलकी होऊन उधळली. "थांब!" मी ओरडलो. त्याला वाटलं मी चिडवतोय. त्यानं तसाच पाठमोरा हात हलवला. मग वळण आलं आणि तो दगडांत गेला.

आता जे लिहितो ते मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तो खाली कण्हत होता. मी सायकल टाकली, पण त्याच्याकडं गेलो नाही. आधी दहा-पंधरा पावलं वर गेलो, दोरी सोडून पिशवीत कोंबली, फांदी लाथेनं दरीत ढकलली. मग त्याच्याजवळ गेलो. तोवर मागचे दोघं आले.

"ह्याचा लंगर कुठाय?" जमीनदाराचा मुलगा म्हणाला. "फेकला बे ह्यानं! लई घाई हाय ह्याला."

मी गप्प राहिलो. पाय मांडीत मोडला होता. बैलगाडीतून बीडला आणेपर्यंत तो शुद्धीवर होता. चाचांनी खाटेशेजारी उभं राहून मलाच विचारलं, "तू बांधला होतास ना?"

"बांधला होता, चाचा."

शब्द खरा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि तोंड भिंतीकडं वळवलं. चाचांनी पुढं काही विचारलं नाही. दुकानाची चावी पुतण्याकडं गेली. लंगडत्या मुलाला त्यांनी एका शिंप्याच्या हाताखाली बसवलं आणि दुकानाची पायरी त्याला बंद केली. चाचा गेले ते मुलानं आपला शब्द मोडला असं मानूनच गेले.

माझ्या लग्नाची शेरवानी त्यानंच शिवली. खांद्याचं माप घेताना तो माझ्या मागं उभा होता. टेप गळ्याशी आणून हळूच म्हणाला, "सुरगाठ होती ना बे?"

मी आरशात पाहत राहिलो. त्यानं खडूनं खूण केली, थोडं थांबला, आणि म्हणाला, "बाही लांब ठेवू का आखूड?"

मी म्हणालो, "लांब." त्या एका शब्दाऐवजी मला दुसरा एक शब्द म्हणता आला असता. चाचा तेव्हा हयात होते, दुकान चार घरं पलीकडं होतं. नंतर कितीदा वाटलं, त्याला सायकलीवर पुढं बसवून घाटमाथ्यावर न्यावं. पण मी पुन्हा सायकलीला हात लावला नाही, आणि तो बोलावण्याची वाट पाहत होता की नाही हे मला कळलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी तो गेला. मातीला गेलो तेव्हा त्याचा मुलगा, तोही शिंपीच, लोकांना सांगत होता, "आब्बा जवानीत लई बेफिकीर. घाटात लंगर फेकून पाय मोडून घेतला." लोक प्रेमानं हसले. मला बसवेना.

चाळीस दिवस झाल्यावर, तेव्हापासून लपवून ठेवलेली ती दोरी घेऊन त्यांच्या घरी गेलो. मुलगा मशीनवर होता, त्याची बहीण काजं करत होती. सगळं सांगितलं. मग मुलगी म्हणाली, "दाखवा, कशी बांधली होती."

खिडकीच्या गजाला मी तशीच सुरगाठ मारली. तिनं टोक ओढलं. दोरी तिच्या हातात आली.

"आब्बांना म्हाईत होतं?"

"होतं."

"मग त्यांनी आजोबांना कावून न्हाई सांगितलं?"

मुलानं मशीन थांबवलेलं होतं. माझ्याकडं न पाहता तो म्हणाला, "काका, हे आजोबांच्या दुकानात, चुलत्याकडं जाऊन सांगा. आजच. मी येतो संगं."

आम्ही निघालो. वाटेत त्यानं विचारलं, आब्बा कुठवर जाणार होते. मी म्हणालो, नगर. तो म्हणाला, एवढंच? आता तर बस जाते. आणि मी त्याला नगरच्या पुढचं सांगायला लागलो, त्याचे वडील रोज सांगायचे तसं.