थप्पड कुणासाठी?

मोबाइल हरवल्याची तक्रार द्यायला मी पोलीस चौकीत गेले होते. समोरच्या बाकावर एक बाप आणि त्याचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा बसले होते. मुलानं कुणाची तरी मोटरसायकल पळवली होती. हवालदार आत आले तसा बाप ताडकन उठला आणि त्यानं पोराच्या कानाखाली वाजवली. आपल्याकडे हे असंच चालतं. आपण आधी मारलं म्हणजे पोलीस मारत नाहीत.

“अहो, इथं नका मारू. घरी काय ते समजवा,” हवालदार म्हणाले.

मुलानं बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. गाल चोळत तो हवालदारांचा चेहरा न्याहाळत होता, एवढ्यानं भागलं का, ते बघत. मोटरसायकलवाला शेजारीच उभा होता. त्याच्याकडे दोघांचीही नजर गेली नाही.

तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. माझाही मुलगा त्याच वयाचा. उद्या त्या बाकावर मी असले तर? ‘आधी ज्यांची गाडी पळवलीस त्यांची माफी माग,’ असं म्हणायचं धैर्य माझ्यात असेल, की त्याला वाचवायच्या घाईत माझाही हात उठेल?

संध्याकाळी मुलानं स्कूटरची किल्ली मागितली.

“लायसन्स कुठंय तुझ्याकडे?” मी विचारलं.

“काय गं आई,” तो हसून म्हणाला, “चौकात या वेळी पोलीस नसतात.”