रुमालाचा फेर

अमरावतीच्या शाळेत पीटी शिकवते म्हणून गॅदरिंगचे नाच माझ्याच गळ्यात पडतात. त्या वर्षी अकोल्याच्या आंतरशालेय स्पर्धेला परदेशी लोकनृत्य हा विषय होता. मी मोबाइलवर शोधून आयर्लंडचा समूहनाच निवडला. आठ मुली, चौकोनात चार जोड्या. जन्मभर लेझीम शिकवलेली बाई मी, म्हटलं यात काय अवघड आहे! पहिल्याच दिवशी दोघींची डोकी आपटली.

त्या नाचातला एक फेर मला फार आवडला. चौघी मधे येतात, उजवे हात जोडतात आणि चाकासारख्या फिरतात. तिकडे म्हणे तो गावागणिक बदलतो. कुठे तळव्यावर तळवा, कुठे पुढचीचं मनगट धरायचं, कुठे समोरासमोरच्या दोघींनी हात मिळवायचा. आठवीतली एक मुलगी हे सगळं वहीत उतरवून घ्यायची. वर छोटं चित्र, खाली गाव. मी नवा व्हिडिओ दाखवला की तिचा प्रश्न ठरलेला, "मॅडम, हा कोन्या गावचा?" मला माहीत नसलं तर दुसऱ्या दिवशी शोधून यावंच लागे. पायही तिचेच सगळ्यांत हलके. आम्ही मनगटाचा प्रकार पक्का केला.

फेरात तिच्या पुढे असायची ती तिच्याच गावची मुलगी. दोघी सकाळी एकाच एसटीनं यायच्या. एका संध्याकाळी त्या दुसरीची आई मैदानावर आली. घरची शेतीवाडी, बोलायला गोड.

"मॅडम, नाच लय भारी बसून राहिला. फक्त त्या पोरीले आमच्या पोरीचा हात धरू देऊ नका. मले काही नाही, पन घरी म्हातारे मानसं हायेत. व्हिडिओ पायतीन. तिच्या घरच्यायले गावात सारे वळखतेत."

वहीवाली मुलगी बौद्ध कुटुंबातली होती.

मी काय म्हणायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. "बाई, हे जमणार नाही," एवढंच. पण स्पर्धा आठ दिवसांवर आली होती, हिनं पोरगी काढून घेतली तर सातच उरतील, असा विचार मी करत बसले. आणि खरं सांगायचं तर मला भांडायचं नव्हतं. एरवी मैदान डोक्यावर घेणारी मी, त्या बाईला "बघते" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी नारिंगी रुमाल घेऊन गेले. मुलींना म्हटलं, "आता मनगट नाही धरायचं, दोघींनी रुमालाची दोन टोकं धरायची. हाही एक प्रकार आहे."

मुली खूश झाल्या, रंग छान दिसत होता. तिनं वही उघडली.

"मॅडम, हा कोन्या गावचा?"

"पाहून सांगते."

तिनं पुढच्या दिवशीही विचारलं, त्याच्या पुढच्या दिवशीही. मग विचारणं बंद केलं.

अकोल्यात आमचा दुसरा नंबर आला. परीक्षकांनी रुमालांचं खास कौतुक केलं, काय कल्पना आहे म्हणाले. मी स्टेजवर हसून मान डोलावली. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

परतताना मूर्तिजापूरपर्यंत बसमध्ये गाण्यांच्या भेंड्या चालल्या होत्या. ती उठून माझ्याजवळ आली. रुमालाची घडी माझ्या हातात दिली, वर वही ठेवली.

"मॅडम, वही भरली. शाळेतच ठेवा. पुढच्या पोरीयले कामी येईन."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती जागेवर गेल्यावर मी शेवटचं पान काढलं. दोन मुलींचं चित्र होतं, मधे रुमाल. मी आठ दिवस रिकामी ठेवायला लावलेली खालची ओळ तिनं स्वतःच भरली होती.

गाव : अमरावती.