पासलीत कुणीच ‘नाही’ म्हणालं नाही

कुणी ‘हो’ म्हणालं की भोरच्या केशवरावांचा चेहरा पडे. माणूस विक्षिप्तच, त्यात काय शंका! पण ज्यानं उभी हयात पाण्याचे पंप विकले, आणि तेही भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत, त्याचं दुसरं काय होणार? या भागात पाव्हण्याच्या तोंडावर नाही म्हणायची रीतच नाही. घोंगडी अंथरतील, चहा पाजतील, “घेऊ की! का न्हाई घ्यायचा?” असं अगदी मनापासून म्हणतील, आणि तुम्ही वळणाआड गेलात की पंपाचं नावसुद्धा काढणार नाहीत. असल्या गोड होकारांपायी केशवरावांच्या कितीतरी चपला झिजल्या होत्या.

नोकरी संपल्यावर पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं त्यांना बोलावून घेतलं. तिथं पीएचडी करणारी पोरं होती. डोकी तल्लख, पण शोध लावायचा, प्रबंध लिहायचा आणि कपाटात ठेवून द्यायचा, एवढंच त्यांना माहीत. तो शोध माणसांच्या हातात, बाजारात कसा न्यायचा, हे केशवरावांनी शिकवायचं होतं. ते फळ्याकडे ढुंकूनही बघत नसत. पोरांना एसटीत कोंबून किकवीला उतरवत आणि सांगत, “जा, माणसं गाठा. आपली वस्तू समजावा. आणि तोंडावर नाही म्हणणारा भेटल्याशिवाय परत फिरू नका. हो म्हणणारा तुम्हाला वाटेला लावत असतो. नाही म्हणणारा खरं बोलतो, त्याच्या पाया पडा.” पोरं खो खो हसत. केशवराव मात्र हसत नसत.

त्या पोरांत सुलक्षणा होती. पासलीच्या सावळारामाची लेक, त्या गावातून एवढं शिकलेली पहिलीच. रानातल्या एका पाल्याचं तिनं तेल काढलं होतं. भाताच्या बियाण्याला ते चोळलं की वर्षभर किडा लागत नाही, किड्याचं पाखरू होत नाही. प्रयोगशाळेतल्या बरण्यांत तिनं हे पुन्हा पुन्हा करून बघितलं होतं, ते बी पेरून उगवूनही दाखवलं होतं. पोरगी गुणी, कामाला वाघ, आणि केशवरावांचा तिच्यावर भारी जीव.

“गावात जा,” त्यांनी तिला सांगितलं. “प्रत्येक घरातलं पसाभर बी घे, तेवढ्यालाच तेल लाव. बाकीचं राखेत घालून ठेवतात तसंच राहू दे. आणि नाही कोण म्हणतं, ते मला येऊन सांग.”

हे ‘तेवढ्यालाच’ त्यांनी दोनदा बजावलं, त्याला कारण होतं. पासलीत तांबडं भात पिकतं. त्याचं बी कुठल्या दुकानात मिळत नाही, दुसऱ्या गावात नाही. बापजाद्यांपासून घराघरातल्या बांबूच्या कणग्यांत जे राखलेलं, तेवढंच. एका हंगामाला ते उगवलं नाही, तर ते भात कायमचं गेलं.

सुलक्षणा परत आली ती नाचतच.

“सर, सगळ्यांनी दिलं!”

“नाही कोण म्हणालं?”

“कुणीच नाही.”

“एक जणसुद्धा?”

“एकबी न्हाई, सर!” आनंदाच्या भरात तिच्या तोंडी गावची बोली आली.

केशवरावांनी हातातला कप खाली ठेवला. “तेल पसाभर बियालाच लावलंस ना?”

पोरीनं मान खाली घातली. ती पसाभरच लावून थांबली होती, पण गाव थांबायला तयार नव्हतं. लेक जन्मात पहिल्यांदा काही मागतेय, तिला पसाभर द्यायचं? लेकीची ओटी कुणी मोजून भरतं का? घरोघरी कणग्याच उघडल्या गेल्या. तिनं नको नको म्हटलं, तर तिचे वडील म्हणाले, तू जा पुण्याला, राहिलेलं आमी लावतो. आणि ती तेलाचा डबा त्यांच्याकडे ठेवून आली. प्रबंधाच्या परीक्षकांपुढे ‘सगळं गाव’ असं सांगायला मिळणार होतं, तो मोह तिला आवरला नाही.

संस्थेतल्या सादरीकरणात तिनं ते सांगितलंही. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत केशवराव बसले होते, त्यांना त्या टाळ्या ऐकवेनात.

पुढच्याच रविवारी त्यांनी मोटरसायकल काढली. नसरापूर, मार्गासनी, वेल्हे करत ते पासलीला पोचले. गावात शिरताच तेलाचा उग्र, कडवट वास नाकाला झोंबला. वाऱ्याबरोबर तो सगळ्या आळीभर फिरत होता. सुलक्षणाची चुलती ठकुबाई अंगणात भात पाखडत बसली होती. सुपातून चार दाणे उडाले, कोंबड्या धावत आल्या, मान वाकडी करून त्यांनी दाणे बघितले आणि तशाच परत फिरल्या.

“बघितलंसा?” ठकुबाई कौतुकानं म्हणाली. “कोंबडीबी तोंड लावीना! मग किड्याची काय टाप हाय?”

केशवरावांनी एक दाणा उचलून हुंगला. ते सावळारामाच्या ओसरीवर गेले, चार शेजाऱ्यांनाही बोलावून घेतलं आणि हात जोडले. “हे अजून शिकाऊ काम आहे. बरणीत जमलं ते कणगीत जमेलच असं नाही. माझं एक ऐका. ज्याला तेल लागलं नाही असं एकेक गाडगं बी प्रत्येक घरानं बाजूला ठेवा. ठेवाल ना?”

“व्हय की, मास्तर,” सावळाराम म्हणाला. “का न्हाई ठिवायचं?”

“नक्की?”

“नक्की म्हंजे काय! तुमी सांगताय आन् आमी ठिवनार न्हाई व्हय?”

शेजाऱ्यांनीही माना डोलावल्या. मग भाकरी झाली, पिठलं झालं, वर ताक झालं. केशवरावांचा जीव भांड्यात पडला. परतताना मार्गासनीपाशी त्यांना वाटलं, आपलं काहीतरी विसरलंय. गाडी थांबवून त्यांनी खिसे चाचपले. पाकीट होतं, मोबाईल होता, चष्मा होता. मग ते घरी गेले.

जूनच्या शेवटाला सुलक्षणाचा फोन आला. “सर, येता का?” एवढंच बोलली.

वेल्ह्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना रोपांचे वाफे हिरवेगार होते. पासलीची शीव लागली आणि हिरवं संपलं. वाफ्यामागून वाफा, नुसता काळा चिखल. मधेच कुठं तण डोकावत होतं. वास अजून येत होता, पावसानंही तो गेला नव्हता. बांधावर गावची माणसं उभी होती.

सुलक्षणा वाफ्यात गुडघ्यांवर बसली होती. तिनं बोटांनी चिखल उकरला आणि चार दाणे तळहातावर घेऊन त्यांच्यापुढे धरले. दाणे अख्खे होते, काळपट, ना मोड ना फूट. “बरण्यांतलं उगवलं होतं, सर,” ती म्हणाली. “मी स्वतः बघितलं होतं.”

“लई चोळलं आमी,” सावळाराम पुटपुटला. “लेकीचं त्याल. हात आखडता कशापायी घ्यायचा, म्हनून दोन-दोनदा चोळलं. वरनं कणग्या लिपून टाकल्या, वास जाऊ नये म्हनून.”

केशवरावांना अजून एक आशा होती. “अहो, मग ती गाडगी काढा की! बिनतेलाची! अजून वेळ गेलेली नाही, आजच पेरा!”

सावळाराम पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरत राहिला.

“गाडगी न्हाईत, मास्तर.”

“कुणाच्याच घरी?”

“कुनाच्याच न्हाईत.”

“अहो, पण तुम्ही हो म्हणाला होतात! माझ्यासमोर, सगळे जण!”

सावळारामानं वर बघितलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, उलट ओशाळल्यासारखं होतं. “तुमी एवढ्या लांबनं आलावता,” तो म्हणाला. “पाव्हण्याला न्हाई कसं म्हनायचं?”

केशवराव बांधावर बसले. जी एक गोष्ट त्यांनी पोरांना शिकवली, तीच ते पासलीच्या ओसरीवर भाकरीबरोबर गिळून गेले होते. त्या दिवशी त्यांनाही एकानंसुद्धा ‘नाही’ म्हटलं नव्हतं. आणि ते खूश होऊन घरी जाऊन झोपले होते.

सुलक्षणाला कुणी एका शब्दानं बोललं नाही. तेच तिला सोसवेना. ती एकेकाच्या पुढे जाऊन उभी राहायची आणि तो माणूस तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा. “बोला की मला!” ती शेवटी ओरडली. “शिव्या द्या! आता तांबडं भात कुठनं आणायचं?”

ठकुबाई चहा घेऊन बांधावर आली होती. तिनं आधी मास्तरांपुढे कप धरला, मग पुतणीकडे वळून हसली.

“मिळंल की, बाय,” ती म्हणाली. “का न्हाई मिळायचं?”

तो सूर केशवरावांच्या चांगला ओळखीचा होता. त्यांनी मुकाट्यानं कप हातात घेतला.