भाकरीवरचा काळानिळा थेंब

साठ सालच्या आसपास मी अमरावतीत मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. वर्गात वकिलांच्या, मास्तरांच्या मुली होत्या, तशा खेड्यांतून येऊन नातेवाइकांकडे राहणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलीही होत्या. मधल्या सुट्टीत शहरातल्या मुली पोळीचे डबे ऐटीत उघडत. खेड्यातल्या मुली ज्वारीची भाकरी फडक्याआड धरून, भिंतीकडे तोंड करून खात. माझं डोकं फिरायचं. ज्वारी पिकवायची आपणच आणि तिची लाजही आपणच बाळगायची!

त्यांतली एक तर फडकं सोडतच नसे. भाकरी गाईला घालायची आणि उपाशी बसायची. एकदा कवायतीत चक्कर येऊन पडली, तेव्हा तिचे वडील अंजनगावाकडून आले.

"बाई, पोरगी वाळून राहिली," ते म्हणाले. "अजून एकदा पडली तं घरी घेऊन जाईन. बस झाली शाळा."

पोरगी गणितात वर्गात पहिली.

त्याच आठवड्यात पिष्टमय पदार्थांचा धडा होता. पुस्तकात तांदूळ, गहू, बटाटा. ज्वारीचं नाव नाही. मी टेबलावर भाताची शितं आणि पोळीचा तुकडा ठेवला, त्यांवर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला. दोन्ही काळीनिळी झाली.

"हा रंग पिष्टाचा. अंगाला राबायला लागतं ते सरपण हेच," मी म्हणाले. "आता भाकरी कोणाकडे आहे?"

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. कोणाकडे आहे ते मला ठाऊक होतं, पण मी नाव घेतलं नाही. ते तिचं तिनेच सांगायला हवं होतं.

शेवटी ती उठली. कान लाल झाले होते, पण उठली. फडकं सोडून तिने तुकडा मोडून दिला. थेंब पडला आणि भाकरीही तशीच काळीनिळी झाली. मुली टेबलाभोवती गोळा झाल्या.

"जोडीला वरण आणि अंबाडीची भाजी घ्या, मग ही भाकरी कोणाला हार जात नाही," मी ठणकावून सांगितलं.

सुट्टीत ती व्हरांड्याच्या मधोमध मांडी घालून बसली आणि समोर फडकं पसरलं. मी दारातून पाहत होते. अभिमानाने माझा ऊर भरून आला, तिच्याबद्दल आणि थोडा माझ्याबद्दलही. एका वकिलाच्या मुलीने हात पुढे केला.

"मले दे ना तुकडा."

"घे," ती म्हणाली, "पण थोडाच. मले लय भूक लागली."